दारातूनच परत

दिवाळी अंकाच्या संपादकाला ‘साभार परत’ करण्याची सवय असते. आलेलं सगळं छापता येत नाही. पण न वाचताच परत पाठवलं, तर ते पाप आपल्या माथी. यंदा अंकाची जुळवाजुळव चालू असताना अमेरिकेतला एक जुना खटला, ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’, वाचनात आला आणि डोक्यातून जाईना.

नोव्हेंबर 1973, टेक्सासमधला तुरुंग. ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवताना एक गाठ गॅम्बल या कैद्याच्या अंगावर पडली. तो तसाच चार तास राबला, मग अंग आखडलं. पाठ लचकल्याचं निदान झालं, गोळ्या मिळाल्या. झोपायला खालचा बंक द्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तुरुंगाने दिला नाही. पाठ दुखते म्हणून काम नाकारलं, तर रवानगी वेगळ्या कोठडीत. तीन महिन्यांत 17 वेळा तपासणी झाली, पाठीचा एक्स-रे एकदाही नाही.

त्याने वकिलाविना, स्वतःच्या हाताने लिहून नागरी हक्कांचा दावा लावला. पहिल्या न्यायालयाने समोरच्यांचं उत्तरही न मागवता तो फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. थर्गुड मार्शल यांनी निकाल लिहिला : कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षाच. अमेरिकेतले कैदी आजही त्याच आधारावर दावे लावतात. गॅम्बलच्या पदरात मात्र काय पडलं? एक्स-रे न काढणं हा फार तर वैद्यकीय हलगर्जीपणा, म्हणून डॉक्टरविरुद्धचा दावा बाद. तुरुंगाधिकाऱ्यांपुरतं प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत. दावा बाद करण्याची ही घाई एकट्या न्या. स्टीव्हन्स यांना पटली नाही.

पुढे 1996 च्या कायद्याने वाट आणखी अरुंद केली. आधी तुरुंगातल्या तुरुंगात तक्रार, तिचे सगळे टप्पे, तेही मुदतीत. कॅलिफोर्नियातल्या एका कैद्याची 15 कामकाजी दिवसांची मुदत हुकली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कोर्टाचंही दार बंद केलं. कैद्यांच्या फुसक्या दाव्यांचा ढीग साचत होता, हेही खरंच. पण ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्यांच्याच टेबलावरून अर्ज पुढे सरकायचा, यातली गंमत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आपल्याकडचं एक प्रकरण तर थेट आमच्या धंद्यातलं. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असताना प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने ‘पाठवू द्या’ म्हटलं, तर सरकार दिल्लीपर्यंत भांडलं. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं ते सरकारचं अपील. अणूच्या पुस्तकाने राज्याचं काय बिघडणार होतं, कोण जाणे!

टाईप करून ई-मेलनेच लेखन पाठवा, अशी अट घालण्याचा आग्रह यंदा आमच्याच कार्यालयात झाला. ती घातलेली नाही. हाताने लिहिलेली पाकिटं, तुरुंगाचा शिक्का असलेलीसुद्धा, पुढच्या अंकासाठी जूनअखेरपर्यंत घेऊ.