बाराव्या हिश्शाचा संसार

कायद्याने इस्राएलचे अंदाजपत्रक वर्षारंभाच्या ६० दिवस आधी क्नेसेटपुढे यावे आणि ३१ मार्चपर्यंत मंजूर व्हावे. हातात पाच महिने! तरी आमचे पुढारी शेवटच्या रात्रीपर्यंत घासाघीस करतात. २०२० साली, कोरोनाच्या ऐन कहरात, मुदत वाढवूनही ते मंजूर झाले नाही. दरमहा जुन्या रकमेच्या बाराव्या हिश्शावर कारभार चालला. २३ डिसेंबरला क्नेसेट आपोआप बरखास्त झाली. दोन वर्षांतली चौथी निवडणूक आपल्या माथी आली. जुन्या रकमेत नव्या रोग्याची खाट बसत नाही. नर्सने औषध उशिरा दिले तर तिला जाब द्यावा लागतो; मग यांना का नाही? बंधुभगिनींनो, मते मागायला येणाऱ्याला हार घालण्याआधी विचारा: अंदाजपत्रक वेळेवर आणाल का?