नागरी मृत्यू आणि कच्चे कैदी

मनुष्य जिवंत असावा आणि कायद्याच्या लेखी मात्र तो मृत ठरावा, ही विपरीत कल्पना युरोपातील न्यायव्यवस्थेने शतकानुशतके बाळगली. तिला ‘नागरी मृत्यू’ असे नाव होते. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेनुसार अशा मनुष्याची मालमत्ता वारसांकडे जाई आणि त्याचा विवाह संपुष्टात येई. आपल्याकडे धर्मशास्त्राने संन्याशालाही असेच मृतवत मानले. पण तो मृत्यू स्वेच्छेने पत्करलेला असे. फ्रान्सने १८५४ मध्ये ही प्रथा मोडीत काढली. इंग्लंडनेही १८७० च्या कायद्याने गुन्हेगाराच्या मालमत्तेची जप्ती थांबविली. मात्र गंभीर गुन्ह्यासाठी मोठी शिक्षा झालेल्याचा मताधिकार त्याच कायद्याने काढून घेतला.

त्या मृत्यूची छाया आपल्या कायद्यातून अद्याप हटलेली नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) तुरुंगात वा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असलेल्या व्यक्तीस मतदानाची मनाई करते. इंग्रजी कायद्याने निदान दोषसिद्धीची वाट पाहिली होती; आपला कायदा तेवढेही थांबत नाही. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे न्यायालयाने ज्यांना अद्याप दोषी ठरविलेले नाही असे लोक!

विसंगती येथेच संपत नाही. त्याच आरोपाखालील ज्याला जामीन परवडतो, तो मत देतो. ज्याला परवडत नाही, तो देऊ शकत नाही. शिवाय २०१३ च्या दुरुस्तीमुळे तुरुंगातील मनुष्य निवडणूक लढवू शकतो. २०२४ मध्ये असे दोन उमेदवार लोकसभेवर निवडूनही आले. मते मागावीत, पण देऊ नयेत, हा कोणता न्याय?

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही मनाई वैध ठरविताना कैद्यांच्या मतदानासाठी लागणाऱ्या पोलीस बंदोबस्ताचा व साधनसामग्रीचा विचार केला होता. ती अडचण खोटी नाही. परंतु प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तींना टपालाने मतदान करण्याची सोय याच कायद्याने दिली आहे. मग कच्च्या कैद्यांनाच ती का नाकारावी?

शिक्षा झालेल्यांच्या मताधिकाराविषयी मतभेद संभवतात. पण दोष सिद्ध होण्यापूर्वीच नागरिकत्वाचा एक श्वास रोखणे समर्थनीय नाही. संसदेने या कलमातून निदान कच्च्या कैद्यांना तरी वगळावे.