जीटी की रिव्हिजन?

सबमिशनच्या आदल्या रात्री माणूस काहीही बघतो. आमच्या रूमवर त्या रात्री फिगर स्केटिंग चालू होतं. लॅपटॉपवर जपानचा युझुरू हान्यू २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये बर्फावर गिरक्या घेत होता आणि आम्ही चौघं अर्धवट शीट्स बाजूला टाकून आ वासून बघत होतो. व्हिडिओ संपला तसा माझा रूम पार्टनर म्हणाला, "हा प्रोग्रॅम त्याने २०१५ मध्येच केला होता. म्युझिक पण तेच."

झालं! लगेच दुसरा उसळला, "म्हणजे जीटीच की रे! फक्त मित्राच्या ऐवजी स्वतःचीच शीट खाली ठेवली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. (सरांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजून पुढे जाऊ.)

त्या रात्री शीट्स राहिल्या त्या राहिल्याच, पण वाद मात्र पहाटेपर्यंत रंगला. माझं मत तेव्हा नीट मांडता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकेरी स्पर्धेत स्केटरला दोन प्रोग्रॅम सादर करावे लागतात. एक शॉर्ट, साधारण २ मिनिटं ४० सेकंदांचा, आणि दुसरा फ्री, ४ मिनिटांचा. (पुरुषांचा फ्री २०१८ पर्यंत साडेचार मिनिटांचा होता.) दर सीझनला नवं म्युझिक, नवी कोरिओग्राफी घ्यायची अशी पद्धत आहे. पण ती नुसती पद्धत. एकेरीत तसा नियम कुठेही नाही. तरीही कोणी जुना प्रोग्रॅम काढला की 'आळशी', 'कल्पना संपल्या' अशी शेरेबाजी सुरू होते.

विरुद्ध बाजूचा मुद्दा कच्चा नाही, हे आधीच कबूल करतो. ब्रिटनची टॉरव्हिल आणि डीन ही आइस डान्सची जोडी घ्या. १९८२ मध्ये 'मॅक अँड मेबल' वर ते जगज्जेते झाले. पुढच्या वर्षी तेच परत केलं असतं तर कोण काय बोलणार होतं? पण त्यांनी १९८३ ला 'बार्नम' केलं आणि १९८४ ला साराएव्हो ऑलिंपिकमध्ये राव्हेलचं 'बोलेरो'. तेव्हा घड्याळ ब्लेड बर्फाला टेकल्यावर सुरू व्हायचं, म्हणून त्यांनी सुरुवातीचे काही सेकंद गुडघ्यांवर बसूनच नाच केला आणि वेळेच्या मर्यादेत म्युझिक बसवलं! कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले. जुन्यावर समाधान मानलं असतं तर 'बोलेरो' जन्मालाच आलं नसतं. रूम पार्टनरने हे ऐकवलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प होतो.

पण आता हान्यूकडे परत या. शोपॅंच्या बॅलड क्रमांक १ वरचा शॉर्ट प्रोग्रॅम त्याने पहिल्यांदा २०१४-१५ मध्ये केला, तेव्हा त्यात एक क्वाड होती. क्वाड म्हणजे हवेत चार फिरक्या, पाऊण सेकंदाच्या आत. पुढच्या सीझनला म्युझिक तेच, क्वाड मात्र दोन, आणि डिसेंबर २०१५ मध्ये बार्सिलोनाला ११०.९५ गुणांचा विश्वविक्रम. मग मध्ये एक सीझन सोडून २०१७-१८ मध्ये तोच प्रोग्रॅम, आणि त्याच्या जोडीला फ्रीसाठी २०१५-१६ मधलाच 'सेइमेई'.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावात पडून त्याचा घोटा दुखावला. त्यानंतर एकही स्पर्धा न खेळता तो थेट फेब्रुवारीत ऑलिंपिकला उतरला. शॉर्टमध्ये १११.६८ मिळवले. 'सेइमेई' तर पहिल्या वेळी तीन क्वाडचा होता, इथे त्याने चार टाकल्या. एकूण गुण ३१७.८५. बार्सिलोनात ३३०.४३ होते, म्हणजे आकडा कमीच. पण पुरुष एकेरीत लागोपाठ दोन सुवर्णपदकं १९५२ च्या डिक बटननंतर कोणालाच जमली नव्हती. मला विचाराल तर, दुखऱ्या पायावर उभं राहताना पुढची स्टेप आठवावी लागली नाही, हा त्या जुन्या प्रोग्रॅमचा केवढा आधार असेल!

"म्हणजे जुनं केलं की मेडल फिक्स?" असं कोणी विचारेल. मुळीच नाही. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये जपानच्याच माओ असादाने शॉर्टसाठी शोपॅंचं नॉक्टर्न घेतलं. या म्युझिकवर ती २००६-०७ मध्येही स्केट करून गेली होती. ती पडली आणि थेट सोळावी आली. दुसऱ्याच दिवशी रॅखमनिनॉफवरच्या नव्या फ्री प्रोग्रॅममध्ये तिने १४२.७१ गुणांची स्वतःची सर्वोत्तम कामगिरी केली. बर्फाला जुनं-नवं कळत नाही. तिथे प्रत्येक वेळी उडी नव्यानेच मारावी लागते.

आणि माझा हुकमी एक्का : शिझुका अराकावा. २००४ मध्ये 'तुरान्दोत' वर ती जगज्जेती झाली. २००५-०६ चा सीझन नव्या म्युझिकने सुरू केला, पण तो अर्ध्यावर सोडून ती 'तुरान्दोत' कडे परतली. मधल्या काळात गुण देण्याची पद्धतच बदलली होती. ६.० वाली पद्धत जाऊन प्रत्येक उडी, प्रत्येक स्पिनची किंमत वेगळी मोजली जाऊ लागली होती. त्यामुळे म्युझिक जुनं असलं तरी आतली रचना पुन्हा बसवावी लागली. त्यात तिने कंबरेतून मागे वाकून सरकणारा आपला 'इना बाउअर' ठेवला, ज्याला नव्या पद्धतीत गुण जवळजवळ नव्हतेच. ट्युरिनला फिगर स्केटिंगमधलं जपानचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिने मिळवलं. लोकांना आजही तिचा तो वाकलेला देहच आठवतो.

तर मित्रांनो, वाद 'जुनं की नवं' हा नाहीच. आपण मेकॅनिकलवाले ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये 'रिव्हिजन' चा रकाना आखतो. ड्रॉइंग तेच, पण कुठेतरी टॉलरन्स बदललेला असतो, एखादं होल सरकलेलं असतं. त्याला कोणी जीटी म्हणत नाही. स्केटरने जुना प्रोग्रॅम जरूर घ्यावा, पण त्या रकान्यात लिहायला त्याच्याकडे काहीतरी हवं. एक जास्त क्वाड असेल, नवी रचना असेल, किंवा नुसतं चार वर्षांनी वाढलेलं वय आणि दुखरा घोटा असेल. रकाना कोराच राहिला तर मात्र आमच्या मित्राचं बरोबर, ती जीटीच.

दर वर्षी नवं हवं ही भूक खरं तर आपली, बघणाऱ्यांची. आपण चार मिनिटं बघतो आणि "हे झालं की बघून" म्हणतो. करणारा तीच चार मिनिटं वर्षभर रोज करतो आणि तरी त्याला वाटतं की अजून पूर्ण जमलेलं नाही. ते जमवायला तो परत येत असेल तर त्याला अडवणारे आपण कोण?

असो. त्या रात्रीच्या माझ्या शीटचं काय झालं ते विचारू नका. सरांनी ती परत काढायला लावली. रिव्हिजन चालू आहे.

– टी. ई. मेकॅनिकल