फुरसत कुणाच्या बापाची?

बारावीनंतर मी पर्यटनाच्या पदवीला नाव घातलं तेव्हा आमच्या गल्लीत हशा पिकला. ‘काय शिकणार रे? फिरायला?’ चळवळीतला एक जाणता दादा म्हणाला, ‘वकील हो, एमपीएससी दे. बागा नि सहली हे भरल्या पोटाचे चाळे.’ बाप काहीच बोलला नाही. भिवंडीतल्या एका लूमवर बारा तासांची पाळी मारून तो नुकताच आला होता. त्याच्या कानात अजून धोटा आपटत होता.

मित्रांनो, तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

फुरसत ही भरल्या पोटाची चैन, हे आपल्या डोक्यात कुणी भरलं? ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरत होती त्यांनीच. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, आरामही वाटला. एकानं राबायचं, दुसऱ्यानं सावलीत बसून त्याला धर्म सांगायचा. बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखलं होतं. काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती फुरसतीसाठीच. जनावरासारखं राबणाऱ्याला माणसासारखं जगायचं तर मोकळा वेळ पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. १९४६ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनीच मांडलं. आणि घटनेचं ४३ वं कलम काढून बघा. कामगाराला पोटापुरती मजुरी देऊन भागत नाही; फुरसतीचा पुरता उपभोग मिळावा म्हणूनही राज्यानं झटायचं आहे. आता आमच्या भिवंडीत या नि हे कलम लूमच्या खडखडाटात मोठ्यानं वाचा. इथं मीटरवर मजुरी. माग थांबला की पैसा थांबला. फुरसत म्हणजे उपास!

वेळेचं हे असं. जागेचं काय?

१९३४ सालची गोष्ट. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासात धुळीनं माखलेल्या माणसांनी दाराशी असलेल्या टाक्याच्या पाण्यानं हातपाय धुतले, तोच आरडाओरडा झाला : पाणी बाटवलं! शेवटी आत सोडलं, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला. किल्ल्यात कुठंही यांनी पाण्याला शिवू नये म्हणून! तिकडं अमेरिकेत दोनच वर्षांनी, १९३६ साली, व्हिक्टर ग्रीन या काळ्या टपालवाल्याला प्रवासाची मार्गदर्शिका काढावी लागली. काळ्या माणसाला कुठं खोली मिळेल, कुठं जेवण मिळेल, हे सांगणारी. पर्यटन भरल्या पोटाचा विषय? अरे, हा तर आपल्या अपमानाचा विषय आहे! म्हणून तर घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशी एकेकाची नावं घेऊन लिहिलंय.

कायद्यानं दार उघडलं. पण दारापलीकडं जागा उरली का? शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी जमीन राखून ठेवतात. १९६६ च्या नगररचना कायद्याचं १२७ वं कलम सांगतं, दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीची मुदतही झोपेत काढली तर आरक्षण उडालं. म्हणजे बाग कागदावर उगवते नि कागदावरच मरते. आपण जागे होऊन मोर्चा काढेपर्यंत तिथं गोदाम उभं राहिलेलं असतं. ही दहा वर्षं कोण मोजतं? दादा, हे शिकायला आपल्यातलं कुणी जायला नको?

डोळे झाकून मी शिकत नाही. पाहुण्यापुढं हसायचं कसं, टेबल मांडायचं कसं, हेही तिथं शिकवतात. गणवेश चढवून आपल्या पोरांना दारात उभं करायलाही ही पदवी चालते. भिवंडी तालुक्यातच वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. लोक आंघोळी करतात, जेवतात, जातात. मागं झाडू मारणारे हात कुणाचे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी करू नका असं मी म्हणत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण नकाशावर हिरवा रंग कुठं भरायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीवरही बसा.

गेल्या महिन्यात दोन दिवस माग बंद होते. बापाला लोनाडला नेलं. आपल्याच तालुक्यातलं बौद्ध लेणं. तीस वर्षं तो भिवंडीत राबला, पण या लेण्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं होतं? थंड दगडाला पाठ टेकून तो तासभर बसला. मग म्हणाला, ‘हितं आवाज न्हाई.’

माझा विषय मला त्या दिवशी कळला. तो एक तास बापाला कुणाची मेहेरबानी म्हणून नको, हक्क म्हणून पायजे. दर आठवड्याला पायजे, घरातून चालत जाता येईल अशा जागी पायजे. त्यासाठी कायदा शिकणारे लागतील, तसे बागा नि मैदानं शिकणारेही लागतील. प्रवेशाचे फॉर्म निघाले की भरा. हसणाऱ्यांना हसू द्या.

जयभीम!