सहावं इंद्रिय विकणे आहे

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मी कूस बदलली आणि छत गरागरा फिरू लागलं. घरच्यांनी पित्त ठरवलं, शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. एका डॉक्टरसाहेबांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्यावर खापर फोडलं आणि गळ्यात पट्टा अडकवला. तो मी तीन आठवडे मिरवला. शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून डोकं इकडून तिकडे वळवलं आणि पाच मिनिटांत जग थांबवलं. आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत घुसले, की मेंदूला नसलेली गिरकी जाणवते.

खड्यांवर माझा राग नाही. राग आहे तो ‘ज्ञानेंद्रिये किती?’ ‘पाच!’ या पोपटपंचीवर. अ‍ॅरिस्टॉटलने पाच मोजली, आपल्या पूर्वजांनीही पाचच, त्यांना माफ. पण कानातल्या या तोलयंत्रणेवरच्या कामाला मिळालं ते १९१४ सालचं नोबेल! आम्ही अजून डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा घोकतोय.

अंधारात घास अचूक तोंडात जातो, तो या पाचांपैकी कुणाच्या जोरावर? हातपाय कुठे आहेत याची खबर स्नायू आणि सांधे मेंदूला देत असतात. इंग्लंडच्या इयन वॉटरमनची ही खबर १९७१ साली, एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखाली बंद पडली. स्नायू शाबूत, तरी धड बसता येईना. पुढे तो नजरेच्या पहाऱ्यात एकेक हालचाल शिकला. दिवे गेले, की कोसळायचा.

याला म्हणतात सहावं इंद्रिय. आमच्याकडे मात्र ते फ्लेक्सवर असतं: ‘मुलाचं सहावं इंद्रिय जागं करा’. फी हजारोंत, गिऱ्हाईक इंजिनिअर आईबाप. पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून पत्ते ओळखतात. आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांचा प्रयोग झाला, तेव्हा मी पट्टीखाली नाकाशी राहणाऱ्या फटीत कापूस कोंबला. पत्ता ओळखेना. वडील म्हणाले, ‘‘आज त्याची एनर्जी लो आहे.’’

कापसाने मुलाला खाज सुटली होती. पट्टी तशीच ठेवून त्याने नेमकं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं आणि खाजवलं. टाळी कुणीच वाजवली नाही.