घराचा पहिला विमा म्हणजे जागेचा कागद



मृग जवळ आला की आपल्या वस्त्यांवर शाकारणीची घाई सुटते. कौलं फिरवायची, पेंढा बदलायचा, कुडाला सारवण घालायचं, सरपण पडवीत घ्यायचं. आता या घाईत विमा एजंटही येऊ लागलाय. मोबाइलवर वादळाचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, वर्षाला थोडे पैसे भरा, घर पडलं तर लाखांत भरपाई.

शाहूपुरीतल्या आमच्या बैठकीत यावर दोनदा वाद झाला. काही साथी म्हणाले, हा कंपन्यांचा धंदा आहे, नादी लागू नका. काही म्हणाले, मग छप्पर उडाल्यावर बायकापोरांनी कुठं जायचं? दोघांचंही म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून बैठकीत जे ठरलं ते इथे मांडतो. वाचून दाखवा, त्यावर भांडा, पण पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवा.

आधी शाहूपुरीचंच बघू. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारी पेठ, गुळाच्या व्यापारावर वाढलेली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्याही वर. तिथली धोक्याची पातळी आहे ४३ फूट. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतही पाणी शिरलं, आणि तेही गणपतीच्या तोंडावर, मूर्ती घराघरांत तयार होत असताना. आता अशा पेठेत ज्याच्याकडे जागेचा उतारा आहे, बँकेचं कर्ज आहे, त्याच्याकडे बहुधा विमाही असतो, कारण कर्ज देताना बँकच तो काढायला लावते. जो भाड्याच्या खोलीत राहतो किंवा ज्याच्या जागेचा वाद चालू आहे, तो मदतीच्या रांगेत उभा राहतो. पाणी दोघांच्या घरात सारखंच चढतं, पण विमा कागदामागून चालतो. शहरात हे असं, तर मग डोंगरावर आपलं काय?

सरकारी मदतीचं गणित प्रत्येकाला पाठ पाहिजे. २०२३ च्या शासन निर्णयातले दर असे: घर पूर्ण पडलं तर सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घराची पडझड किमान १५ टक्के झाली असेल तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडी गेली तर ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. चार हजारांत किती पत्रे येतात ते तालुक्याच्या बाजारात जाऊन बघा. पण रकमेपेक्षाही मोठी गोष्ट खालच्या एका ओळीत आहे. पडलेलं घर हे सक्षम अधिकाऱ्याने दाखला दिलेलं अधिकृत बांधकाम असलं पाहिजे, अशी ती अट आहे. जंगल जमिनीवरचं आपलं घर तीन पिढ्यांचं का असेना, हातात पट्टा नसेल आणि कोणी पंचनाम्यात 'अतिक्रमण' एवढा एक शब्द लिहिला, की तिथे मदत अडते. पाऊस घर पाडतो, पण मदतीतून नाव काढतो तो हा एक शब्द.

आणि घर पडलं की आणखी एक गोष्ट पडते. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी आहे. त्यात घर, झोपडी, बांधबंदिस्ती, जमिनीत केलेली कामं येतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब येतात. म्हणजे तुमचं घर हाच तुमच्या दाव्याचा पुरावा आहे. ज्यांचा दावा अजून वरच्या समितीत पडून आहे, त्यांच्या घराचा कुड एका रात्रीत वाहून गेला, तर छपराबरोबर पुरावाही वाहून जातो. उद्या कोणी म्हणेल, इथे कोण राहत होतं? म्हणून घर सांभाळणं आणि दावा सांभाळणं ही आपल्यासाठी वेगळी कामं राहिलेली नाहीत.

आता विम्याबद्दल. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी ठेवावी लागते. आग, वणवा, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, जमीन खचणं, हे सगळं त्यात येतं. रक्कम जमिनीच्या किमतीवर ठरत नाही, घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत घरातल्या सामानालाही संरक्षण आहे, त्याची वेगळी यादी द्यावी लागत नाही. हे चांगलं आहे, ते चांगलंच म्हणायचं. पण त्याच कागदात गवत, पेंढा, बांबू, फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती-छपराला 'कच्चं बांधकाम' असं वेगळं नाव आहे. म्हणून एजंटाला पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा. आमचं घर कच्च्यात धरता की पक्क्यात, आणि कच्च्याला विमा देता का? जागा वनजमीन आहे हे अर्जात लिहिलंय का? नुकसान झालं तर मालकीचा कोणता कागद मागणार? तोंडी 'होईल सगळं' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. अर्जात खोटं किंवा अर्धवट लिहिलं गेलं, तर पुढे दावा नाकारायला तेच कारण पुरतं. आणि अंगठा तुमचा असतो, एजंटाचा नसतो.

खाजगी विम्यावर सगळी भिस्त ठेवू नका, असं आम्ही म्हणतो त्याचं आणखी एक कारण आहे. जिथे संकट वाढतं तिथे कंपनी हप्ता वाढवते, नाहीतर उठून जाते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात वणवे वाढले, आणि २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या एका बड्या कंपनीने घरांच्या नव्या पॉलिसी देणंच बंद केलं. पैसेवाल्या मुलखात ही गत, तर आपल्या वाडीसाठी कोण थांबेल?

माणसांच्या विम्याची गोष्ट मात्र सोपी आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख, आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यूही त्यात धरतात. वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मेअखेर खात्यात पैसे आहेत ना ते बघा. त्याला जमिनीचा कागद लागत नाही. हे सगळ्यांनी करावं.

पाऊस बदललाय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो, मग पंधरा दिवस ऊन. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी: २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. माळीण महादेव कोळ्यांचं, इर्शाळवाडी ठाकरांची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या वाड्यांवरचे पत्रे पाखरांसारखे उडाले. ही माणसं आपलीच होती, आणि कोल्हापूरच्या पश्चिमेचे डोंगर काही वेगळे नाहीत.

तेव्हा घराची तयारी. पैसा कमी लागतो, हात जास्त लागतात, म्हणून ही कामं इर्जिकीनेच करायची. एका घराचं एका दिवसात होतं.

छप्पर आधी बघा. वारा पत्रा वरून दाबत नाही, खालून उचलतो, आणि कडेचा पत्रा पहिला जातो. म्हणून कडेला आणि आढ्याला हुक जवळजवळ मारा. वासा खांबाला जस्ती तारेने बांधा, नुसत्या खिळ्यावर सोडू नका. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवता आलं तर उत्तम: पडवी उडाली तरी घर राहतं.

मग पाणी. घराच्या वरच्या अंगाला चर खणा आणि पाणी ओढ्याकडे काढून द्या. पागोळीचं पाणी जोत्याच्या मुळाशी साचू देऊ नका. जोतं दगडाने उचलून घ्या. कारवीचा कुड पडला तरी माणूस बाहेर निघतो, पण मातीची जाड भिंत भिजून रात्री कोसळली तर जीव घेते. ओल चढलेल्या भिंतीकडेला अंथरूण नको. आणि घराच्या मागे डोंगराचा पाय कोणी जेसीबीने कापत असेल, मग तो रस्त्यासाठी असो की कुणाच्या बंगल्यासाठी, ग्रामसभेने तिथेच थांबवायचं. पायथा कापलेला डोंगर पावसात खाली येतो.

डोंगर बोलतो तेही ऐका. जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, दारं एकाएकी घट्ट बसायला लागली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा ओढा भर पावसात अचानक आटला, तर पंचनाम्याची वाट बघायची नाही. म्हातारी, पोरं, गरोदर बाया आधी, मग बाकीचे. दिवसाउजेडी निघायचं. कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवायचं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. दरडीच्या भीतीने वस्ती हलवायची वेळ येऊ शकते, आणि जीव वाचवण्यासाठी हलायला आपली ना नाही. पण 'धोकादायक' हा शिक्का मारून घर खाली आणायचं आणि मागे जंगलावरचा, शेतावरचा हक्क संपला असं लिहून घ्यायचं, हा डाव ओळखा. एकदा उठलेल्या माणसाला परत वर चढू देत नाहीत, हे अभयारण्यं आणि धरणं यांनी उठवलेल्या गावांना विचारा. सुरक्षित जागी घर मिळणं हा आपत्तीतला हक्क आहे. कसलेली जमीन आणि सामूहिक वनहक्क हा २००६ च्या कायद्याने मानलेला हक्क आहे. एक घेताना दुसरा सोडायचा नाही. घर हलेल, हक्क हलणार नाही. पुनर्वसनाच्या कोणत्याही कागदावर हे वाक्य ग्रामसभेच्या ठरावासकट लिहिलेलं नसेल, तर सही नाही.

म्हणून पावसाच्या आत प्रत्येक ग्रामसभेने एवढं करावं.

एक. घरनोंद वही काढा. प्रत्येक घराचा चारी बाजूंनी फोटो, घरातली माणसं समोर उभी करून, तारखेसकट. लांबी-रुंदी, भिंत कशाची, छप्पर कशाचं, गोठा आहे का, घर किती सालापासून. खाली वनहक्क समितीच्या सह्या. वहीची एक प्रत वस्तीबाहेर ठेवा. शाहूपुरीच्या कार्यालयात दिलीत तर आम्ही जपून ठेवू.

दोन. घराच्या जागेचा दावा तपासा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मधला पहिलाच हक्क राहण्यासाठी आणि कसण्यासाठी असा आहे. दाव्यात नुसतं शेत लिहून घराची जागा राहिली असेल तर ती आता जोडा. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. धनगरवाड्यांवरच्या आणि इतर बिगर-आदिवासी साथींना ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तेव्हा म्हाताऱ्यांचे जबाब याच महिन्यात लिहून घ्या. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, ते बघून घ्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे कलम ४(५) सांगतं.

तीन. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये घराची नोंद आहे का, विचारा. घरपट्टीची पावती जपा. सगळे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, आणि ती पेटी पहिल्यांदा उचलायची हे घरातल्या पोरांनाही माहीत पाहिजे.

चार. नुकसान झालं तर पंचनाम्याला ग्रामसभेचे दोघे तरी हजर राहा. धान्य, भांडी, गोठा, कोंबड्या, सगळं लिहून घ्या. वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा नको. प्रत मागा.

आणि सरकारकडे आपली मागणी अशी: वनहक्काचा दावा दाखल असलेलं प्रत्येक घर मदतीसाठी अधिकृत धरा, ग्रामसभेचा दाखला त्याला पुरेसा माना. विम्याचा हप्ता एकेका गरीब घराकडून काढण्यापेक्षा डोंगरातल्या सगळ्या वस्त्यांचा विमा सरकारने काढावा. नागालँडच्या सरकारने २०२१ साली राज्यासाठी असा आपत्ती विमा घेतला होता. ठरलेल्या मापापेक्षा पाऊस जास्त पडला की पैसे राज्याला मिळायचे, घराघराचा कागद त्यासाठी लागत नव्हता. तिथे होतं तर इथे का नाही?

विमा घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने वरचे तीन प्रश्न विचारून ठरवावं. पण ज्या घराखालची जमीनच आपल्या नावावर नाही, त्याची भरपाई कंपनीही टाळेल आणि सरकारही. म्हणून या मृगाआधी दोन कामं एकत्र: छपराला तार आणि दाव्याला पुरावा. ठराव झाला की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात कोणत्या वस्तीने काय केलं ते छापू.

जिंदाबाद!