विश्लेषण : लंडनचे पाणी कर्जात का बुडाले?

लंडन आणि परिसरातील सुमारे १ कोटी ६० लाख लोकांना पाणी किंवा मलनिस्सारणाची सेवा देणाऱ्या ‘थेम्स वॉटर’ या खासगी कंपनीला मे २०२५ मध्ये १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड झाला. त्याआधी फेब्रुवारीत तिला तगून राहण्यासाठी ३०० कोटी पौंडांपर्यंतचे तातडीचे कर्ज मंजूर झाले, तेही पावणेदहा टक्के व्याजाने. पाण्याला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. मग ही वेळ का आली? लंडनने हा प्रयोग पूर्वीही करून पाहिला होता आणि गुंडाळलाही होता.

पहिला प्रयोग कधीचा?

ह्यू मिडल्टन यांनी १६१३ मध्ये हर्टफर्डशरच्या झऱ्यांचे पाणी कालव्याने लंडनला आणले. त्यातून उभी राहिलेली न्यू रिव्हर कंपनी जवळपास तीन शतके चालली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नव्या कंपन्या आल्या, एकाच रस्त्यात दोन-दोन कंपन्यांच्या वाहिन्या पडल्या आणि दर उतरले. तोटा असह्य झाल्यावर १८१७ च्या सुमारास थेम्सच्या उत्तरेकडील कंपन्यांनी शहर आपसांत वाटून घेतले. स्पर्धा संपली.

कॉलऱ्याने काय दाखवले?

दक्षिण लंडनमध्ये मात्र स्पर्धा आणखी काही वर्षे टिकली. त्यामुळे एकाच गल्लीत एका घराला लॅम्बेथ कंपनीचे, तर शेजारच्या घराला साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचे पाणी येई. लॅम्बेथने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेला. दुसरी कंपनी बॅटरसीलाच पाणी उचलत राहिली. १८५४ च्या साथीत डॉ. जॉन स्नो घरोघर फिरले. पाणीपट्टी घरमालक भरत असल्याने अनेक भाडेकरूंना कंपनीचे नावही ठाऊक नव्हते. तेव्हा स्नो यांनी पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासून कंपनी ओळखली. पहिल्या सात आठवड्यांत दर १० हजार घरांमागे मृत्यू होते ३१५ आणि ३७. हवा तीच, वस्ती तीच. फरक फक्त पाण्याचा.

पाणी गाळून देण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने १८५२ मध्येच केला होता. तरीही १८६६ मध्ये ईस्ट लंडन कंपनीच्या जलाशयातून न गाळलेले पाणी गेले आणि शहराच्या पूर्व भागात कॉलऱ्याने हजारो बळी घेतले. कायदा होता, पण तो पाळला जातो का हे पाहणारी यंत्रणा तुटपुंजी होती. अखेर १९०२ च्या कायद्यानुसार आठही कंपन्या सार्वजनिक मंडळाकडे गेल्या.

मग पुन्हा खासगीकरण का?

गळक्या वाहिन्या आणि युरोपचे कडक होत चाललेले निकष यांसाठी प्रचंड भांडवल लागणार होते आणि सरकारला कर्ज वाढवायचे नव्हते. १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर सरकारने इंग्लंड आणि वेल्समधील दहा जलप्राधिकरणे विकली. स्कॉटलंडचे पाणी सार्वजनिकच राहिले. विक्रीपूर्वी सुमारे ५०० कोटी पौंडांचे कर्ज सरकारने माफ केले, म्हणजे कंपन्यांची पाटी कोरी होती. नंतर ती कशी भरली, हाच खरा प्रश्न. मॅक्वायरी या गुंतवणूक संस्थेचा २००६ ते २०१७ या काळात थेम्स वॉटरमध्ये मोठा वाटा होता. त्या काळात कंपनीचे कर्ज सुमारे ३४० कोटींवरून १००० कोटी पौंडांपलीकडे गेले आणि भागधारकांना लाभांशही मिळत राहिला. २०२५ च्या दंडातही १ कोटी ८२ लाख पौंड नियमबाह्य लाभांशासाठीच होते. ग्राहकाला कंपनी बदलता येत नाही. त्याची पाणीपट्टी मात्र २०३० पर्यंत, महागाई धरण्यापूर्वीच, ३५ टक्क्यांनी वाढवायला नियामकाने मान्यता दिली आहे.

नागपूरचे प्रारूप वेगळे कसे?

लंडनने मालमत्ताच विकली. पॅरिसने १९८५ मध्ये केवळ वितरणाचे काम दोन कंपन्यांना दिले होते. करार संपताच, २०१० मध्ये ते परत घेतले. नागपुरात ‘ऑरेंज सिटी वॉटर’शी २०१२ पासून २५ वर्षांचा करार आहे. चोवीस तास पाणी आणि वाढीव बिले यांवरून तिथेही वाद झाले, पण वाहिन्या आणि जलकुंभ महापालिकेचेच आहेत आणि कराराला शेवटची तारीख आहे. इंग्लंडमधील जलकंपन्यांच्या परवान्याला तशी तारीख नाही. तो सर्वसाधारण मार्गाने संपवायचा, तर सरकारला २५ वर्षे आधी नोटीस द्यावी लागते.